लाँच्या मनोऱ्यावरचे बैल

फ्रान्सच्या ईशान्येला, पॅरिसपासून साधारण १३० किलोमीटरवर लाँ नावाचं गाव आहे. वस्ती २५ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या वाईहूनही कमी. सपाट रानात मधेच उठलेली एक टेकडी, टेकडीवर जुनं गाव आणि गावाच्या माथ्यावर भलंमोठं कॅथेड्रल, म्हणजे बिशपची गादी असलेलं चर्च. या चर्चच्या पुढच्या दोन मनोऱ्यांवर, पार वरच्या टप्प्यात, खांबांमधून माना बाहेर काढून सोळा दगडी बैल उभे आहेत. ते कुणा देवाचं वाहन नाहीत की कुणा राजाची निशाणी नाहीत. ज्या बैलांनी या इमारतीचा दगड टेकडी चढून वर आणला, त्यांची ही आठवण आहे, असं त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यांत गेली. कोरेगाव, खटाव, माण या पट्ट्यात खिलार बैलांचे खांदे, खुरं आणि पोटं तपासण्यात हयात गेली म्हटलं तरी चालेल. लेक सध्या फ्रान्समधल्या रँस शहरात असते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हा तिनं फिरण्याच्या ठिकाणांची यादी पाठवली. तिला फोनवर सांगितलं, "पॅरिस बघू की गं, पण आधी ते बैल."

रँसहून लाँला रेल्वेनं तासाभराच्या आत पोचता येतं. थेट पॅरिसहून जायचं असेल तर गार द्यू नॉर स्टेशनावरून गाडी आहे, दीड-पावणेदोन तास धरून चाला. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. रुळांच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर सपाट रान, बांध दिसत नाही, विहीर दिसत नाही. शेतांच्या कडेला मात्र मातीनं भरलेले ढीगच्या ढीग. ते साखरेचं बीट. हा एन जिल्हा फ्रान्समधल्या बिटाच्या मोठ्या जिल्ह्यांपैकी एक. आपल्याकडे कारखान्यांची धुराडी पेटायच्या सुमारास त्यांचाही हंगाम सुरू होतो. मी खिडकीला डोकं लावून बैल शोधत होतो. एकही दिसला नाही. काढणी यंत्रावर, वाहतूक ट्रकनं. त्या अख्ख्या रानात ओढकामाचे बैल उरलेत ते फक्त मनोऱ्यावर.

टेकडी लांबूनच दिसते. आसपासच्या रानापासून साधारण १०० मीटर उंच, म्हणजे अजिंक्यताऱ्यापुढे बुटकीच. पण भोवती दुसरा उंचवटाच नसल्यामुळे तिचा रुबाब मोठा. स्टेशन खाली, जुनं गाव वर. पूर्वी वर जायला दातेरी रुळांवरची ट्राम होती, १८९९ ते १९७१ अशी चालली. मग १९८९ साली तारेनं ओढली जाणारी, चालक नसलेली छोटी मेट्रो केली, ती २०१६ साली बंद झाली. आता बसनं जा नाहीतर पायऱ्यांनी. आम्ही पायऱ्या घेतल्या. हिच्या गुडघ्यांचा विचार करून दम खात खात चढलो. पण ओझं घेऊन हा चढ चढणं म्हणजे काय, ते आपल्या पायांनी थोडं तरी कळावं, असं मला वाटत होतं.

गल्लीतून वळलो आणि समोर कॅथेड्रल. पुढच्या दर्शनी भागाला तीन खोल दरवाजे, वर मोठी चक्राकार खिडकी, आणि दोन्ही बाजूंना ते मनोरे. मनोरे भरीव नाहीत. वर जाताना भिंत संपते आणि नुसते खांब आणि कमानी उरतात, आरपार आभाळ दिसतं. कोपऱ्यांवर खांबांच्याच छोट्या छत्र्या केल्यात आणि त्या छत्र्यांमधून बैल बाहेर बघतात. खालून नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे. मी मायणीला पक्षी बघायला नेतो ती दुर्बीण बरोबर घेतली होती.

दुर्बिणीतून पहिला बैल स्थिर झाला तेव्हा मी आधी वशिंड शोधलं. सवयच ती. वशिंड नाही, आणि असणारही नाही. युरोपातली गुरं बिनवशिंडाची. पाठ सरळ, मान जाड, छाती रुंद, शिंगं आखूड. खिलाराची शिंगं मागे जाऊन डौलानं वर चढतात, तसलं काही नाही. मान किंचित खाली आणि पुढे. ओढणारा बैल मान अशीच धरतो, चरणारा अशी धरत नाही. ज्यानं ही मूर्ती घडवली त्यानं ओझ्याखालचा बैल जवळून पाहिला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हिनं दुर्बीण घेतली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, ह्यांना वेसण कुठाय?"

खरंच नव्हती. आपल्याकडं बैल आवरायचा तो वेसणीनं आणि कासऱ्यानं. जू ठेवायचं मानेवर, वशिंडाच्या पुढं, आणि मान शिवळांच्या मधे. फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी जू शिंगांच्या मागं डोक्यालाच पट्ट्यांनी बांधायचे. म्हणजे बैल खांद्यानं नाही, डोक्यानं आणि मानेनं ओढायचा. वशिंड नसल्यावर जू अडवायला काहीतरी हवंच ना. मी हिला हे सगळं भर चौकात हातवारे करून समजावून सांगत होतो आणि लेक म्हणत होती, "आप्पा, लोक बघतायत." बघू देत. गावच्या बैलांबद्दलच तर बोलत होतो.

आता या बैलांची गोष्ट. ती लिहून ठेवली आहे गिबेर द नोजाँ या मठाधिपतीनं, १११५ च्या आसपास. तो याच भागातला, आणि त्या काळच्या घटना त्यानं स्वतः अनुभवलेल्या. त्याच्या लिहिण्यानुसार, जळालेलं चर्च पुन्हा उभं करायला सामान वर नेत असताना गाडीचा एक बैल चढावर कोसळला. गाडीवाला हवालदिल. तेवढ्यात कुठूनसा दुसरा बैल आपणहून आला, जुवाखाली उभा राहिला, गाडी माथ्यापर्यंत ओढली आणि सोडल्यावर हाकणाऱ्याची वाट न बघता आला तसा निघून गेला.

चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तिच्यातला पहिला भाग जास्त खरा वाटतो, तो बैल कोसळल्याचा. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात असे निरोप रात्री-अपरात्री यायचे. एकदा चढावर टायरगाडी अडकलेली, ऊस ठासून भरलेला आणि जोडीतला डावा बैल गुडघ्यांवर बसलेला. एक बसला की दुसऱ्याची मान जुवात पिळवटते, आणि दोन्ही बैल जायची वेळ येते. म्हणून आधी चाकांना दगड लावायचे, मग उभ्या बैलाचं जोतं सोडायचं, आणि शेवटी बसलेल्याकडे वळायचं. गाडीवान बीडकडचा होता. बैलाच्या खांद्याला सूज आलेली, कातडं सोललेलं. मी खांदा धुवत होतो आणि तो बैलाच्या कपाळावर कपाळ टेकून काहीबाही बोलत होता. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. गाडीचं कसं होणार, उसाचं वजन किती घटणार, यातलं काही त्यानं विचारलं नाही. सकाळी बैल उठला तेव्हा मात्र त्यानं माझे पाय धरले, मी नको म्हणत असताना.

गिबेरच्या गाडीवाल्याचं नाव गिबेरनं दिलेलं नाही. पण तो कसा उभा असेल ते मला दिसतं.

आधी जळालं का, तेही सांगायला हवं, कारण लाँचा इतिहास तिथेच तापतो. दहाव्या शतकात हे गाव फ्रान्सच्या शेवटच्या कॅरोलिंजियन, म्हणजे सम्राट शार्लमेनच्या घराण्यातल्या, राजांचं मुख्य ठाणं होतं. टेकडी सांभाळायला सोपी, चहूबाजूंनी नजर. ९९१ साली इथल्याच बिशपनं, अदालबेरो त्याचं नाव, आपल्याकडे विश्वासानं राहिलेल्या कॅरोलिंजियन वारसाला पकडून नवा राजा ह्यू कापे याच्या हवाली केलं आणि जुनं घराणं संपलं. गंमत बघा, याच अदालबेरोनं म्हातारपणी राजासाठी एक काव्य लिहिलं. समाजात तीन प्रकारचे लोक, प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे, ही मांडणी त्यात आहे. आणि राबणाऱ्यांवाचून वरच्या दोघांचं एक दिवस चालणार नाही, हेही त्यानं कबूल केलंय. जाणत होता सगळं.

त्यानंतर जेमतेम ऐंशी-नव्वद वर्षांनी बिशपच्या गादीवर गोद्री नावाचा माणूस आला. धर्मगुरूपेक्षा शिकारी आणि लढवय्याच जास्त. गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी पैसे मोजून आपला कारभार आपण चालवायची सनद मिळवली. त्याला ते कम्यून म्हणत. ठरलेला कर वर्षातून एकदा द्यायचा, मनमानी वसुली बंद. पैसे खर्चून झाल्यावर बिशपला ही सनद सलायला लागली. १११२ च्या ईस्टरच्या आधी राजा सहावा लुई गावात आला. गिबेर लिहितो, सनद टिकवायला गावकऱ्यांनी राजाला ४०० पौंड देऊ केले आणि मोडायला बिशपनं ७००. राजा ७०० च्या बाजूला गेला. वर आणखी कहर म्हणजे सनद मोडण्याचे ते पैसे गावकऱ्यांकडूनच वसूल करायचं ठरलं.

२५ एप्रिल १११२ ला गाव उठलं. 'कम्यून, कम्यून' असा गलका करत लोक बिशपच्या वाड्यात घुसले. बिशप नोकराचे कपडे घालून तळघरात एका पिंपात लपला होता. केस धरून बाहेर काढला आणि मारला. आग लागली, ती वाड्यावरून चर्चवर गेली आणि अर्ध्या गावावर पसरली. पुढं राजानं बदला घेतला, लोक पळाले, कित्येकांना फाशी झाली. पण ११२८ साली गावाला सनद पुन्हा द्यावीच लागली. कम्यून हा शब्द टाळून दिली, इतकंच.

गिबेरला हे लोक मुळीच आवडत नव्हते, त्याची सहानुभूती चर्चकडे. मी मात्र वाचताना सरळ गावकऱ्यांच्या बाजूचा होतो. ज्या मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते ४६ चाललं, ज्या मुलखात आमच्या आज्या-आजोबांनी भूमिगतांना भाकरी पोचवल्या, तिथल्या माणसानं दुसरी बाजू घ्यायची तरी कशी? खून वाईटच. पण घेतलेल्या पैशाचा शब्द मोडणं आणि वर दंड त्याच्याकडूनच वसूल करणं, याला काय म्हणायचं?

आगीनंतर पैसा उभा करायला चर्चचे लोक पवित्र अवशेषांच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडले, १११३ साली तर समुद्र ओलांडून इंग्लंडपर्यंत गेले. त्या पैशातून जुनं चर्च दुरुस्त झालं. बैलाची गोष्ट त्या वेळची. आज दिसतं ते कॅथेड्रल त्यानंतरचं. ११५५ च्या सुमारास बिशप गोतिए द मोर्तान्यच्या काळात काम निघालं आणि १२३५ च्या आसपास बहुतेक पुरं झालं. म्हणजे ऐंशीएक वर्षं दगड वर येत होता. गवंड्यांच्या तीन पिढ्या. बैलांच्या किती पिढ्या? ओढकामाचा बैल साधारण दहा-बारा वर्षं कामाला येतो, हिशेब तुम्हीच करा. त्यातले सोळा वर राहिले.

गॉथिक बांधकामाच्या अभ्यासकांना लाँ फार महत्त्वाचं वाटतं, कारण हे त्या शैलीच्या सुरुवातीच्या मोठ्या इमारतींपैकी एक. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. चर्च म्हणजे अंधार, अशी माझी समजूत होती. इथे दगड पांढुरका आहे, चुनखडीचा, आणि जिथे दोन दालनं एकमेकांना छेदतात तिथे वर उघडा मनोरा आहे, त्याच्या खिडक्यांतून उजेड थेट खाली पडतो. लांबी ११० मीटर, छताची उंची २४ मीटर. भिंत चार थरांची: खाली मोठ्या कमानी, त्यावर सज्जा, त्यावर छोट्या कमानींची ओळ आणि सगळ्यांत वर खिडक्या. दुसऱ्या टोकाला, वेदीच्या मागं, भिंत अर्धगोल नाही, सरळ आहे, आणि त्यात तीन उंच खिडक्या आणि वर चक्र, तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रंगीत काचांचं. निळा रंग असा की हिनं तिथंच बसकण मारली.

उत्तरेच्या चक्रात मात्र संत नाहीत, विद्या आहेत. मधे तत्त्वज्ञान आणि भोवती व्याकरण, गणित, भूमिती, संगीत, खगोल वगैरे, आणि त्यांत औषधविद्याही. अकराव्या-बाराव्या शतकात लाँची शाळा युरोपभर नावाजलेली होती. आन्सेल्म नावाचा शिक्षक १११७ पर्यंत इथे शिकवत होता, आणि पुढं गाजलेला आबेलार त्याच्याकडे शिकायला येऊन भांडून गेला. त्या काचेतली औषधविद्या मी मान मोडेपर्यंत पाहिली. माझ्या विद्येलाही देवळात जागा होती, याचा मला आनंद झाला, लपवत नाही.

बाजूच्या एका कोनाड्यात काळपट चेहऱ्याचं एक ख्रिस्तचित्र आहे. त्यावरची अक्षरं फ्रेंच नाहीत, लॅटिन नाहीत, स्लाव्ह आहेत. १२४९ साली जाक पांतालेओं यानं रोमहून आपल्या मठवासी बहिणीला हे पाठवलं. तोच पुढं पोप चौथा अर्बन झाला. बहिणीला पाठवलेली भेट पावणेआठशे वर्षं जपून ठेवलीय.

बैलांचा बोभाटा त्या काळीच झाला होता. तेराव्या शतकात व्हिलार द ओनकूर नावाचा एक कारागीर चित्रवही घेऊन देश हिंडला. त्यानं लाँचा मनोरा चितारलाय, बैलांसकट, आणि शेजारी लिहिलंय की मी पुष्कळ मुलूख पाहिले, पण असा मनोरा कुठंच पाहिला नाही. जर्मनीत बाम्बर्गच्या कॅथेड्रलनं हे मनोरे नमुना म्हणून घेतले, आणि तिथल्या मनोऱ्यांवरही गुरं आहेत.

एक मुद्दा राहिला. इथे आता बिशप बसत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत गादी गेली ती परत आली नाही, बिशप सोआसाँला असतो. लोक तरीही कॅथेड्रलच म्हणतात. राज्यक्रांतीत पडझड झाली, १८५३ पासून एमिल बोएसविलवाल्द या वास्तुविशारदानं मोठी दुरुस्ती केली.

बाकीचं गाव पायीच बघावं. कॅथेड्रलला लागून जुनं धर्मार्थ रुग्णालय आहे, तिथे आता पर्यटन कार्यालय आहे, नकाशा तिथेच घ्या. तटबंदीवरून जवळजवळ अख्ख्या गावाला फेरी मारता येते. आर्दोंचा दरवाजा तेराव्या शतकातला, त्याच्या पायथ्याशी कपडे धुवायचं जुनं पाणवठ्याचं ठिकाण. सोआसाँच्या दरवाजाजवळ एक बुरूज चक्क कललेला आहे. सँ मार्तँचा मठही बघा, वेळ असेल तर. किल्ल्याखाली दगड काढून काढून झालेली भुयारं आहेत, तिथे माहितगाराबरोबर उतरता येतं. संग्रहालयाच्या बागेत टेम्पलर या मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं आठ कोनी छोटं देऊळ आहे, बाराव्या शतकातलं. एवढीशी जागा, पण मला ती मोठ्या चर्चइतकीच आवडली.

जेवायला आम्ही फ्लामिश घेतलं, लीकच्या पातीचं आणि सायीचं भाजलेलं, वरून पारी. मांस नको असेल तर विचारून घ्या. मारोआल नावाचं चीज याच जिल्ह्याच्या उत्तरेकडचं. वास उग्र, चव छान. हिनं वासावरच नाकारलं.

लढायांचं मी भरभर सांगतो, कारण बघण्यासारखं त्यातलं थोडंच उरलंय. मार्च १८१४ मध्ये प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर यानं याच टेकडीवरून नेपोलियनला हटवलं. सप्टेंबर १८७० ला जर्मनांनी किल्ला घेतला त्या क्षणी आतल्या माणसानं दारूकोठार उडवलं, दोन्हीकडचे लोक मेले. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ पासून ऑक्टोबर १९१८ पर्यंत गाव जर्मनांच्या ताब्यात होतं. दक्षिणेला थोड्याच अंतरावर शमँ दे दाम नावाची धार आहे, १९१७ साली तिथे माणसं हजारोंनी कापली गेली. आपल्या मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. पण साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात त्या युद्धात गेलेल्या जवानांचा स्मृतिलेख आहे, तो ज्यानं वाचलाय, त्याला त्या धारेकडं नुसतं बघवत नाही.

या गावच्या तीन भावांबद्दल मात्र घाई करणार नाही. आंत्वान, लुई आणि मात्यू ल नँ, सतराव्या शतकातले चित्रकार, लाँचे. त्या काळी चित्रं काढायची ती राजांची आणि संतांची. हे भाऊ शेतकऱ्यांची काढत. चेष्टेसाठी नाही, सरळ समोर बसवून. १६४१ चं गाडीचं एक चित्र पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. अंगणात उभी बैलगाडीसारखी गाडी, तिच्यावर चढून बसलेली पोरं, खाली बाई, डुकरं, कोंबड्या. कुणी काही करत नाही. चेहरे असे की आपल्या वस्तीवर दुपारी दिसतील. पुढं पॅरिसला गेल्यावर आम्ही ते चित्र शोधून काढलं. त्याच्यापुढं गर्दी नव्हती, हवा तेवढा वेळ उभं राहता आलं.

तीनच प्रकारची माणसं असतात म्हणणारा बिशप या गावचा. पैसे घेऊन शब्द मोडणारा बिशप या गावचा, त्याला पिंपातून ओढून काढणारेही याच गावचे. शेतकऱ्याचं चित्र काढणारे भाऊ इथलेच. आणि बैल इतक्या उंचीवर नेऊन बसवणारे गवंडीही. मला हे सगळं एकाच चढावरचं वाटतं.

आपल्याकडे बैलाला कमी मान आहे असं मी म्हणणार नाही. आषाढात बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. हळद-तेलानं खांदा चोळायचा, 'आज आवतान घ्या, उद्या जेवायला या' म्हणायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, झूल, गोंडे, रंगवलेली शिंगं आणि वेशीत कर तोडणं. ज्याच्या गोठ्यात बैल नाही तो कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतो. युरोपात एवढं कुठं करतात? पण माती पुढच्या वर्षी विरघळते. दगडात कोरलेला जो बैल आपल्याकडे दिसतो तो नंदी. वाईच्या काशीविश्वेश्वरापुढचा काळाभोर, आरशासारखा गुळगुळीत नंदी मला फार आवडतो, पण त्याच्या मानेवर जू कधी आलं नाही. सातारजवळ लिंबची बारा मोटांची विहीर घ्या. १७१९ ते १७२४ च्या दरम्यान वीरूबाई भोसल्यांनी बांधली, लोक लांबून बघायला येतात. त्या बारा मोटा कुणी ओढल्या? बैलांच्याच जोड्यांनी. थारोळ्यावर उभं राहून खाली पाणी बघताना किती जणांना ते आठवतात?

आता गोठे रिकामे होत चाललेत. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून शर्यतीच्या खोंडांना भाव आहे. ओढकामाचा बैल मात्र पुसेगावच्या आणि खरसुंडीच्या बाजारातसुद्धा पूर्वीसारखा दिसत नाही.

म्हणून एक काम अंगावर घेतलंय, त्यात तुमची मदत हवी. सातारा-सांगली जिल्ह्यांत कुठल्याही देवळाच्या खांबावर, वीरगळावर, वाड्याच्या चौकटीवर, विहिरीच्या भिंतीत राबणारा बैल कोरलेला असेल तर मला कळवा. नंदी नको. वीरगळांच्या खालच्या पट्टीत गाई असतात, किकलीला त्या पुष्कळ पाहिल्यात, त्याही नकोत. मला हवाय गाडीला जुंपलेला, नांगर ओढणारा, मोटेवरचा नाहीतर घाण्याचा बैल. गाव, देवळाचं नाव आणि शिल्प कुठल्या बाजूला आहे, एवढं लिहा. फोटो मोबाइलवर काढलेला चालेल, फक्त मान आणि जू नीट दिसू द्या. शिराळ्यापासून म्हसवडपर्यंत कुठंही असला तरी मी येऊन बघेन, आणि सगळे एकत्र करून इथंच टाकेन.